आयएनएस 'दिल्ली' होण्याआधीची 'अकिलीस' : एका हलक्या क्रूझरचं युद्ध, १९३९ ते १९४५

दर्यावर्दी

आपल्या नौदलाची पहिली क्रूझर 'दिल्ली' सप्टेंबर १९४८ मध्ये मुंबईला आली तेव्हा ती पंधरा वर्षं वापरलेली होती. 'अकिलीस' या नावाने आधी ब्रिटनसाठी आणि मग न्यूझीलंडसाठी ती अख्खं दुसरं महायुद्ध लढून आली होती. मराठीत तिच्याबद्दल सापडतं ते व्यापारी जहाजं बुडवत फिरणाऱ्या 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेच्या गोष्टीतल्या एकदोन ओळींपुरतं, आणि त्या गोष्टीतही सगळा भर जर्मन कप्तान लांग्सडॉर्फच्या आत्महत्येवर. 'अकिलीस'ने प्रत्यक्षात काय केलं, तिच्यात काय बिघडलं आणि का बिघडलं, हे एका जागी यावं म्हणून हा धागा. तोफखाना, बंदरांचे नियम, पॅसिफिकमधली लढाई यातलं ज्यांना नीट ठाऊक आहे त्यांनी जरूर लिहावं.

आधी जहाज. लिअँडर वर्गातली क्रूझर, बर्कनहेडच्या कॅमल लेअर्ड गोदीत बांधलेली. १९३१ च्या जूनमध्ये काम सुरू झालं, १ सप्टेंबर १९३२ ला ती पाण्यात उतरली आणि ऑक्टोबर १९३३ मध्ये नौदलात दाखल झाली. लांबी १६९ मीटर, रुंदी १७ मीटर, वजन सुमारे ७,००० टन. चार पंखे, ७२,००० अश्वशक्ती, वेग ३२ नॉटच्या वर. दोन-दोन तोफांची चार टरेट (तोफा बसवलेल्या फिरत्या पोलादी खोल्या), म्हणजे ६ इंची आठ तोफा. पुढची दोन टरेट ए आणि बी, मागची दोन एक्स आणि वाय. ही अक्षरं लक्षात ठेवा, पुढे लागतील. शिवाय ४ इंची चार विमानवेधी तोफा आणि आठ टॉर्पेडो नळ्या.

हलकी आणि जड क्रूझर हा फरक तोफेच्या व्यासावरून ठरायचा. १९३० च्या लंडन तहाने ६.१ इंचांपर्यंत तोफा असलेली ती हलकी, त्यावर ८ इंचांपर्यंत ती जड, अशी रेघ ओढली होती. 'अकिलीस'च्या टरेटचं चिलखत जेमतेम १ इंच जाडीचं होतं. शत्रूचा मोठा गोळा झेलायचा, हा विचारच या जहाजाच्या आराखड्यात नव्हता. वेग, लांबचा पल्ला आणि व्यापारी मार्गांची राखण यासाठी ती बांधलेली.

१९३६ पासून ती ब्रिटिश नौदलाच्या न्यूझीलंड तुकडीत होती आणि तिच्यावरचे निम्म्याहून अधिक खलाशी न्यूझीलंडचे होते. कप्तान विल्यम एडवर्ड पॅरी. हे नाव शेवटी पुन्हा येईल. युद्ध जाहीर व्हायच्या आधीच, २९ ऑगस्ट १९३९ ला, तिने ऑकलंड सोडलं. आधी दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा, मग ऑक्टोबरअखेर अटलांटिकमध्ये कमोडोर हारवुडच्या ताफ्यात.

२ डिसेंबरला 'डोरिक स्टार' या व्यापारी जहाजाने बुडण्याआधी बिनतारी संदेश दिला, तो आफ्रिकेच्या बाजूने, दक्षिण अमेरिकेतल्या प्लेट नदीच्या मुखापासून जवळजवळ ३,००० मैलांवरून. हारवुडने नकाशावर हिशोब मांडला. हल्लेखोर जहाज, म्हणजे 'ग्राफ श्पे', साधारण १५ नॉटने पश्चिमेला निघालं असेल, तर १२ च्या सकाळी रिओ, १२ च्या संध्याकाळी किंवा १३ च्या पहाटे प्लेट, १४ ला फॉकलंड. सगळ्यात जास्त व्यापारी जहाजं प्लेटच्या तोंडाशी. म्हणून त्याने 'एजॅक्स', 'अकिलीस' आणि 'एक्झेटर' या तिघी १२ तारखेला तिथे एकत्र आणल्या. १३ ला पहाटे ६ वाजून १४ मिनिटांनी वायव्येला धूर दिसला. अख्ख्या दक्षिण अटलांटिकमध्ये एका जहाजाचा असा नेमका अंदाज बांधणं, हे मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत मोठं काम वाटतं.

सुकाणू

फार छान सुरुवात, दर्यावर्दी. एक विचारतो. तीन जहाजं एकत्र असताना हारवुडने 'एक्झेटर'ला वेगळ्या दिशेला का पाठवलं? ताकद विभागली गेली ना? 'ग्राफ श्पे'च्या ११ इंची तोफांपुढे एकटी 'एक्झेटर' सापडली आणि तिचे ६१ लोक गेले.

तोफची

सुकाणू, एकेका फैरीत किती लोखंड जायचं ते आधी बघा, मग कारण कळेल.

'ग्राफ श्पे': २८३ मिमीच्या (म्हणजे ११ इंची) सहा तोफा, गोळा ३०० किलोचा. फैर १,८०० किलो. वर १५० मिमीच्या आठ तोफा वेगळ्या.
'एक्झेटर': ८ इंची सहा तोफा, गोळा सुमारे ११६ किलोचा. फैर ७०० किलो.
'अकिलीस' आणि 'एजॅक्स': प्रत्येकी आठ तोफा, गोळा ५० किलोच्या थोडा वर. फैर ४०६ किलो.

तिघींची बेरीज केली तरी ती 'ग्राफ श्पे'च्या मुख्य तोफांच्या आत राहते. एका रांगेत चालून गेले असते तर जर्मनांनी दोन्ही मोठी टरेट एकाच दिशेला ठेवून एकेकीला निवांत टिपलं असतं. दोन बाजूंनी गेल्यावर जर्मन तोफप्रमुखाला ठरवावं लागतं: दोन्ही टरेट एकीवर, की एकेक वेगळ्या लक्ष्यावर? त्या सकाळी 'ग्राफ श्पे'ने लक्ष्य वारंवार बदललं, आणि दर वेळी नेम नव्याने जुळवायला वेळ गेला.

दुसरं कारण नेमाचं. गोळा पाण्यात पडला की पाण्याचा खांब उठतो. समोरून बघणाऱ्याला तो लक्ष्याच्या डावीकडे की उजवीकडे हे कळतं, पण थोडा अलीकडे पडला की थोडा पलीकडे हे सांगणं कठीण. तेच आडव्या बाजूने बघणाऱ्या दुसऱ्या जहाजाला अलीकड-पलीकड स्पष्ट दिसतं. हारवुडच्या १२ तारखेच्या आदेशात हेच होतं: दिवसा दोन गट करायचे, 'एजॅक्स' आणि 'अकिलीस' एकत्र, 'एक्झेटर' वेगळी, आणि एकमेकींच्या गोळ्यांचं निरीक्षण करायचं.

तोफची

आता तोफांच्या नियंत्रणाबद्दल, कारण 'अकिलीस'ची ती सकाळ याच गोष्टीवर तोलली गेली.

प्रत्येक टरेट आपापला नेम धरत नसे. ब्रिजच्या (कप्तान जिथून जहाज चालवतो त्या जागेच्या) वर एक मनोरा असायचा, डायरेक्टर कंट्रोल टॉवर, थोडक्यात डीसीटी. तिथे तोफप्रमुख, गोळे कुठे पडतात ते पाहणारे आणि दुर्बिणीवर नेम धरणारे बसायचे. त्यांनी दिलेलं लक्ष्य जहाजाच्या पोटातल्या गणनयंत्राकडे जायचं. शत्रूचा वेग, दिशा, आपला वेग, वारा, गोळ्याचा हवेतला वेळ हे सगळं धरून तिथून तोफांना कोन जायचा. आठही तोफा एका कळीवर उडायच्या. यात मोठा फायदा आहे, तसा मोठा धोकाही: सगळे डोळे एकाच पत्र्याच्या खोलीत.

'अकिलीस'ने ६ वाजून २१ मिनिटांनी गोळीबार सुरू केला. ६:४० ला ११ इंची गोळा जहाजाला न लागता ब्रिजच्या रेषेत पाण्यावर फुटला. त्याच्या ठिकऱ्या वर उडून ब्रिजमधून आणि डीसीटीच्या पातळ पत्र्यातून आरपार गेल्या. कप्तान पॅरीच्या पायांना जखमा झाल्या. डीसीटीत बिनतारीवाले आणि खलाशी मिळून चौघे मेले, तोफप्रमुख लेफ्टनंट वॉशबर्न काही क्षण सुन्न झाला. त्या दिवशी 'अकिलीस'चे मेलेले एवढेच, आणि ते असे, एकही गोळा थेट न लागता.

ताबा तात्पुरता मागच्या राखीव नियंत्रण केंद्राकडे गेला आणि लवकरच परत आला. नौसैनिक सार्जंट सॅम्युअल ट्रिम्बल गंभीर जखमी असूनही काही न बोलता तासभर जागेवर उभा राहिला. डोर्सेट नावाचा कोवळ्या वयाचा पोरगा मेलेल्या सोबत्यांच्या शेजारून तोफांकडे माहिती पोचवत राहिला. पुढे दोघांचाही पदकाने गौरव झाला. मनोऱ्यातली यंत्रं बऱ्याच अंशी शाबूत होती आणि ती चालवणारे हलले नाहीत, म्हणून तोफा थांबल्या नाहीत.

खरं नुकसान मात्र एका बिनतारी संचाने केलं. 'एजॅक्स' आणि 'अकिलीस' एकाच लक्ष्यावर मारत होत्या. दोघींच्या गोळ्यांचे खांब मिसळले की कुणाचा कुठला ते कळत नाही. म्हणून नियंत्रण एकीकडे, 'एजॅक्स'कडे, आणि पल्ला-कोन बिनतारीने दुसरीला. साधारण ६:४६ ला 'अकिलीस'चा हा संच बंद पडला. तिने स्वतंत्र नेम धरायला सुरुवात केली.

अडचण अशी की 'एजॅक्स'चं सीफॉक्स विमान वर होतं आणि लेफ्टनंट लुईन व त्याचा निरीक्षक गोळ्यांची नोंद खाली कळवत होते. दोन जहाजांची जोडी तुटली आहे हे विमानाला ठाऊकच नव्हतं. 'अकिलीस'चे गोळे अलीकडे पडले, ते विमानाने 'एजॅक्स'चे म्हणून कळवले. 'एजॅक्स'ने पल्ला वाढवला आणि तिचे गोळे शत्रूच्या डोक्यावरून पलीकडे जाऊ लागले. हा घोळ ७ वाजून ८ मिनिटांपर्यंत चालला. सोळा तोफांपैकी आठ जवळजवळ वीस मिनिटं वाया, आणि नेमक्या त्या वीस मिनिटांत 'एक्झेटर' एकटी मार खात होती.

रेवा

तोफची, हाताने गोळा भरणाऱ्या तोफा इतका वेळ चालायच्या कशा? 'अकिलीस'ने दोनशेच्या वर फैरी झाडल्या असं वाचलंय.

तोफची

बरोबर वाचलंय, रेवाताई. एकूण १,२०० च्या वर गोळे. या तोफांना पितळी काडतूस नसतं. आधी ५० किलोचा गोळा नळीत ठासायचा, मागून दारूची थैली, मग बूड बंद, मग पेटवण. मिनिटाला सहा-आठ गोळे हा चांगला वेग धरला जायचा. ठासणाऱ्या गड्यांवर सगळ्यात जास्त ताण, कारण प्रत्येक फेरीला त्यांचंच अंग लागतं. टरेटमधला धूर आणि उष्णता वेगळीच, कमरेच्या वर उघडे राहून लोक काम करत होते.

बिघाड झाला तो मागे सरकलेली तोफ जागेवर परत येण्यात. गोळा सुटला की नळी धक्क्याने मागे जाते, तो धक्का द्रवाच्या दट्ट्याने शोषला जातो, आणि मग नळी पुन्हा पुढे आली पाहिजे. साठ-ऐंशी फैरींनंतर सगळं इतकं तापलं की नळ्या पुढे यायला अडू लागल्या. गड्यांनी गोळा ठासायच्या दांड्यांनीच त्या पुढे ढकलल्या. मध्ये जरा उसंत मिळाली की थंड व्हायच्या आणि पुन्हा चालायच्या. शांततेतल्या सरावात कुणी सलग इतक्या फैरी झाडत नाही, म्हणून हा दोष तोवर कुणाला दिसला नव्हता.

सुकाणू

मग ७:४० ला हारवुडने माघार का घेतली? तेव्हा तर अंतर ८,००० यार्डांवर आलं होतं, म्हणजे ६ इंची तोफांना सोयीचं.

दर्यावर्दी

तीन कारणं. 'एजॅक्स'ची मागची दोन्ही टरेट ७:२५ ला एकाच ११ इंची गोळ्याने बंद पडली होती. 'एक्झेटर' लढाईतून जवळपास बाद झाली होती. आणि 'एजॅक्स'वर दारूगोळा २० टक्के उरल्याचा निरोप आला.

हा निरोप अपुरा होता. २० टक्के उरला होता तो फक्त ए टरेटच्या कोठारात. हारवुडने तो अख्ख्या जहाजाचा धरला. 'अकिलीस'ने टंचाई कळवली नव्हती, पण ती जास्त वेळ मारत होती, तेव्हा तिची अवस्था याहून वाईट असणार असा त्याने तर्क केला. दर तोफेमागे २०० गोळे धरले तर 'अकिलीस'कडे सुरुवातीला १,६०० होते. दिवसभराचा हिशोब १,२०० वर गेला, म्हणजे तर्क फार चुकीचाही नव्हता.

मला तरी माघार योग्यच वाटते. रात्री टॉर्पेडो घेऊन जवळ जायचं तर जहाज शाबूत हवं. त्याने अंतर वाढवलं आणि दोघींना शत्रूच्या मागे दोन्ही अंगांना लावलं, 'अकिलीस' उजवीकडे, 'एजॅक्स' डावीकडे, साधारण १५ मैल दूर. दहाच्या सुमारास 'अकिलीस'ने शत्रूचा वेग जास्त धरला आणि ती २३,००० यार्डांपर्यंत जवळ गेली. लगेच ११ इंची फैरी आल्या, दुसरी अगदी बाजूला पडली. धूर सोडून ती मागे झाली. संध्याकाळी सूर्यास्तानंतर पुन्हा तेच. पश्चिमेच्या उजेडावर शत्रूची आकृती दिसावी आणि आपण अंधाराच्या बाजूला राहावं, असा पाठलाग करणाऱ्याचा प्रयत्न असतो. हे 'अकिलीस'ने रात्रीपर्यंत नीट सांभाळलं.

आणखी एक बाब, न्यूझीलंडमध्ये अजून अभिमानाने सांगतात ती. लढाई सुरू होताना 'अकिलीस'च्या डोलकाठीवर न्यूझीलंडचा झेंडाही चढवला गेला. समुद्री लढाईत तो फडकला तो पहिल्यांदाच.

बंदरवाला

मोंटेव्हिडिओचा भाग मी लिहितो, कारण इथे तोफा गप्प होत्या आणि कागद बोलत होते.

१३ च्या मध्यरात्रीनंतर 'ग्राफ श्पे' मोंटेव्हिडिओत शिरली. उरुग्वे तटस्थ. १९०७ च्या हेग कराराप्रमाणे लढाऊ जहाजाला तटस्थ बंदरात साधारण २४ तास. समुद्रात टिकण्यापुरती दुरुस्ती करता येते, लढण्याची ताकद वाढवता येत नाही. त्याच देशात तीन महिन्यांत पुन्हा इंधन घेता येत नाही. आणि एक कलम असं की शत्रूपक्षाचं व्यापारी जहाज बंदरातून निघालं, की लढाऊ जहाजाला २४ तास थांबावं लागतं.

ब्रिटिशांना आधी वाटलं की शत्रूला लवकर बाहेर काढावं. मग लक्षात आलं की बाहेर मदत पोचलेलीच नाही, तेव्हा त्याला आतच अडकवावं. त्यांनी रोज एक ब्रिटिश व्यापारी जहाज बंदरातून सोडायला सुरुवात केली. प्रत्येक जहाजामागे 'ग्राफ श्पे'चा एक दिवस जायचा. उरुग्वेने दुरुस्तीसाठी ७२ तास दिले, लांग्सडॉर्फने १५ दिवस मागितले होते.

बाहेर खरं कोण होतं? चार तोफा बंद पडलेली 'एजॅक्स', दारूगोळा बराच संपलेली 'अकिलीस', आणि १४ च्या रात्री फॉकलंडहून पूर्ण वेगाने आलेली जड क्रूझर 'कंबरलँड'. विमानवाहू 'आर्क रॉयल' आणि बॅटलक्रूझर 'रिनाऊन' हजारभर मैल दूर होत्या, पण त्या येऊन पोचल्याच्या बातम्या पसरू दिल्या गेल्या. नदीच्या मुखातून बाहेर पडायच्या वाटा तीन, आणि राखणारी जहाजंही तीन.

इंधनाचं बघा. 'ऑलिन्थस' नावाचं तेलवाहू जहाज मुखाबाहेर फिरत होतं. 'एजॅक्स'ने १५ ला तिच्याकडून तेल घेतलं तेव्हा समुद्र खवळलेला, जोडणारे दोर तुटले, तरी २०० टन मिळालं. १७ ला सकाळी 'अकिलीस'ची पाळी. ती तेल घेताना जवळजवळ असहाय असते, म्हणून 'एजॅक्स' आणि 'कंबरलँड' पहाऱ्यावर उभ्या. त्याच संध्याकाळी 'ग्राफ श्पे' बंदराबाहेर आली आणि तिच्याच लोकांनी ती उडवून दिली. लांग्सडॉर्फने ब्युनोस आयर्समध्ये स्वतःवर गोळी झाडली, मृतदेह २० तारखेला सापडला.

सुकाणू

म्हणजे ६ इंची तोफांनी 'ग्राफ श्पे' हरली असं म्हणायचं का?

तोफची

तोफांनी हरली, एवढं सरळ नाही. तिला वीसच्या आसपास गोळे लागले, त्यातले सतराएक ६ इंची, तीन 'एक्झेटर'चे ८ इंची. तिचे ३६ मेले. ६ इंची गोळ्यांनी मुख्य चिलखत फोडलं नाही, पण वरचं बरंच काही मोडलं: स्वयंपाकघर, पुढच्या बाजूला मोठं भोक. ८ इंचीपैकी एकाने इंधन स्वच्छ करायच्या यंत्रणेची वाफ बंद पाडली. डिझेल इंजिनाला गाळलेलं, तापवलेलं तेल लागतं, आणि घरी जायला हजारो मैल. ११ इंची गोळे एक तृतीयांशाहून कमी उरले होते. हे सगळं एकत्र धरलं की लांग्सडॉर्फचा निर्णय समजतो.

घारापुरी

पॅसिफिकबद्दल. २३ फेब्रुवारी १९४० ला 'अकिलीस' ऑकलंडला परतली. १ ऑक्टोबर १९४१ ला न्यूझीलंडचं स्वतंत्र नौदल झालं आणि तिच्या नावाआधी एचएमएनझेडएस लागलं. जपान युद्धात उतरल्यावर बराच काळ ताफे पोचवायचं काम. याला कुणी पदकं देत नाही, पण सैनिकांनी भरलेली जहाजं सुरक्षित पोचली ती यामुळेच.

५ जानेवारी १९४३. सॉलोमन बेटांत अमेरिकन ताफ्याने रात्री जपान्यांच्या मुंडा धावपट्टीवर मारा केला. 'अकिलीस' संरक्षक गटात होती. सकाळी ग्वाडलकनालच्या दक्षिणेला सगळे एकत्र येत असताना जपानी डाइव्ह बॉम्बर उन्हाच्या बाजूने आले. रडारवर आपली विमानंही दिसत होती, त्यामुळे हे शत्रूचे आहेत हे उशिरा कळलं. एक बॉम्ब एक्स टरेटच्या छतावर बसला. १ इंची चिलखताचं छत फुटलं, टरेट निकामी झालं, १३ जण गेले. जहाज मात्र चालतं राहिलं, आग कोठारापर्यंत गेली नाही.

त्याच हल्ल्यात अमेरिकन क्रूझर 'हेलेना'ने एक विमान पाडलं, आणि त्यासाठी वापरलेल्या गोळ्यांच्या टोकात छोटं रेडिओ यंत्र होतं. विमान जवळ आलं की गोळा आपोआप फुटायचा. जुन्या पद्धतीत गोळा किती सेकंदांनी फुटावा हे आधीच ठरवून घड्याळ लावावं लागे, आणि डाइव्ह करणाऱ्या विमानापुढे ते कधीच जुळत नसे. या नव्या फ्यूजचा प्रत्यक्ष लढाईतला हा पहिला बळी.

रेवा

मग ते एक्स टरेट नव्याने बसवलं का?

घारापुरी

नाही. एप्रिल १९४३ पासून मे १९४४ पर्यंत ती पोर्ट्समथच्या गोदीत होती. तिथे एक्स टरेट काढून त्या जागी चार नळ्यांची पॉम-पॉम विमानवेधी तोफ आली. कारण वजनाचं. रडार, त्याचे अँटेना, २० मिमीच्या तोफा, त्यांची अधिकची माणसं, सगळं वरच्या भागात वाढत होतं. वर वजन वाढलं की जहाज कलंडायला सोपं होतं. एक टरेट गेलं की मोठा भार कमी. बऱ्याच ब्रिटिश क्रूझरांचं एकेक टरेट याच हिशोबाने काढलं गेलं. विमान उडवायचं कॅटापुल्टही गेलं, कारण निरीक्षणाचं काम रडार करू लागलं होतं.

गोदीतही तिचा पिच्छा सुटला नाही. २२ जून १९४३ ला तळाकडच्या तेलटाकीत स्फोट होऊन १४ गोदी कामगार मेले. रिकाम्या टाकीत उरलेल्या तेलाची वाफ हवेत मिसळली की भरलेल्या टाकीपेक्षा ती जास्त घातक. दुरुस्तीच्या काळात जहाज सुरक्षित असतं हा समज किती खोटा आहे, ते गोदीत काम करणारा कुणीही सांगेल.

१९४५ मध्ये ती ब्रिटिश पॅसिफिक ताफ्यात आली. १५ जूनला 'स्विफ्टशुअर', 'न्यूफाउंडलंड' आणि कॅनडाच्या 'युगांडा'सोबत ट्रुक या जपानी बेटतळावर तोफा डागल्या. नंतर जपानच्या किनाऱ्यालगत विमानवाहू जहाजांना संरक्षण. तिथून पुढे फारसं सांगण्यासारखं नाही.

माझगावकर

आता आपल्या बाजूचं. सप्टेंबर १९४६ मध्ये न्यूझीलंडने ती ब्रिटनला परत दिली. भारताने विकत घेतली आणि ५ जुलै १९४८ ला ती एचएमआयएस 'दिल्ली' झाली. २६ जानेवारी १९५० पासून आयएनएस. ऑगस्ट १९४८ मध्ये भारतीय नौदलाची सूत्रं हाती घेतली ती व्हाइस अॅडमिरल सर एडवर्ड पॅरी यांनी, म्हणजे १३ डिसेंबर १९३९ ला तिच्या ब्रिजवर पायात ठिकऱ्या घेऊन उभा असलेला तोच कप्तान. महिन्याभरात जहाज मुंबईला आलं. ऑक्टोबर १९५१ पर्यंत पॅरी इथे होते. पुढे नौदलप्रमुख झालेले नंदा सुरुवातीला याच जहाजावर फर्स्ट लेफ्टनंट होते. जून १९५० मध्ये पंडित नेहरू इंडोनेशियाला गेले तेही 'दिल्ली'वरूनच.

आणि ती लढली, तीही आपल्याकडे. १८ डिसेंबर १९६१, ऑपरेशन विजय. गोव्यासमोर 'बेतवा' आणि 'बियास', अंजदीव बेटावर 'मैसूर' (ही आधीची 'नायजेरिया', आपली दुसरी क्रूझर) आणि 'त्रिशूल', तर दीवसमोर कॅप्टन एन. कृष्णन यांच्या हाताखाली 'दिल्ली'. सैन्याला दीवच्या किल्ल्यावरून अडथळा झाल्यावर 'दिल्ली'ने ६ इंची तोफा किल्ल्यावर चालवल्या. प्लेटच्या लढाईनंतर २२ वर्षांनी. कृष्णन हेच १९७१ मध्ये पूर्व विभागाचे प्रमुख होते.

३० जून १९७८ ला ती मुंबईत निवृत्त झाली आणि मोडीत गेली. तिचं वाय टरेट भारताने न्यूझीलंडला भेट दिलं, ते ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नाविक तळाशी ठेवलेलं आहे.

सुकाणू

फारच मोलाची माहिती, सगळ्यांचे आभार. मी हिचं लाकूड-प्लॅस्टिकचं मॉडेल बनवायच्या विचारात आहे. जुन्या फोटोंत कोणतं वर्ष आहे हे ओळखायचं कसं? एक्स टरेट सोडून आणखी खुणा?

माझगावकर

आधी धुराडं बघा. ब्रिटिश लिअँडरांना एकच, रुंद, आडवं पसरलेलं धुराडं. दोन धुराडी दिसली तर ती ऑस्ट्रेलियाची सुधारित बहीण आहे, फोटो बाजूला ठेवा.

१९३९ चं मॉडेल: चारही टरेट, साध्या एकदांडी डोलकाठ्या, धुराड्यामागे कॅटापुल्ट, आणि ४ इंची तोफा एकेरी. शेवटची खूण पक्की, कारण 'एजॅक्स'वर तेव्हा दुहेरी होत्या. कुठेही रडार नको. बाजारात मिळणारे किट बहुधा एकाच साच्यातून दोन-तीन बहिणी काढतात, तेव्हा दुहेरी ४ इंची तोफा आल्या तर त्या बदलाव्या लागतील.

१९४४ नंतरचं किंवा 'दिल्ली': एक्स टरेटची जागा रिकामी किंवा विमानवेधी तोफ, तीन पायांच्या डोलकाठ्या, कॅटापुल्ट नाही, ४ इंची तोफा दुहेरी. १९५६ च्या प्लेट लढाईवरच्या इंग्रजी चित्रपटात 'दिल्ली'नेच 'अकिलीस'चं काम केलं. त्यामुळे त्यातले रंगीत फोटो १९३९ चे म्हणून फिरतात. त्यांच्यावरून मोजमाप घेऊ नका, टरेट तीनच दिसतील.

तोफची

त्यात एवढं जोडा: डीसीटी ब्रिजच्या मागे, थोडा उंच बसतो. मॉडेलवाले तो बरेचदा ब्रिजच्या छतालाच चिकटवतात. बाजूच्या नकाशावरून उंची मोजून मगच बसवा.